तमाशावर आणखी एक पुस्तक कशाला?

'विठाबाईंवर एवढं लिहून झालंय, सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं, मग तमाशावरचे हे विद्यापीठातले जाडजूड ग्रंथ कशाला वाचता?' असं मला वरचेवर विचारलं जातं. विचारणारा बहुधा तमाशाचा चाहताच असतो, म्हणून नीट उत्तर देते.

तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांची एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. दिवस भरलेले, खेळ रंगात, मध्येच कळा सुरू झाल्या. आत जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. 'केवढी ही कलानिष्ठा!' म्हणून आपण ती सांगतो. पण नवव्या महिन्यात बाईला नाचावं का लागलं? त्या रात्री त्या नाचल्या नसत्या तर फडातल्या माणसांनी खायचं काय? हे विचारणारं पुस्तक मला हवं असतं.

शैलजा पाईक यांचं 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' हे तमाशातल्या दलित बायकांवरचं इंग्रजी पुस्तक त्या वाटेवरचं आहे. पाईक येरवड्यात वाढल्या, आता अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात इतिहास शिकवतात. पुस्तक २०२२ चं. २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा आपल्याकडे त्याची जरा चर्चा झाली. मी सर्वांत जास्त रेंगाळले ती १९२७ च्या प्रसंगापाशी. नामवंत तमाशा शाहीर पठ्ठे बापूराव महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाचं उत्पन्न द्यायला निघाले होते आणि बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. बापूराव जन्मानं ब्राह्मण, रेठऱ्याचे कुलकर्णी. ज्यांच्या साथीनं त्यांचं नाव गाजलं त्या पवळाबाई महार. आपल्याच बायकांना नाचवून उभा राहिलेला पैसा स्वाभिमानाच्या लढ्याला नको, ही बाबासाहेबांची भूमिका मला पूर्ण पटते. तरीही त्याच पैशावर जिची चूल पेटत होती, तिचं काय, हा प्रश्न उरतोच. चळवळ तिला म्हणत होती, बोर्ड सोड. गाव रात्री तिच्यावर पैसे उधळून दौलतजादा करत होतं आणि सकाळी तिची जात विचारत होतं. पाईक यांनी तमाशातल्या बायकांना बोलतं केलं, जुने कागद धुंडाळले आणि यातलं काहीच सोयीसाठी गाळलं नाही.

हे काम आपल्याकडे आधीही झालंय. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं, ते १९८९ मध्ये. मिळालं तर ते आधी वाचा.

जत्रांच्या हंगामात नारायणगावात अजूनही फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी येऊन सुपारी देतात. त्या रकमेतलं नाचणारीच्या हातात किती पडतं, ती आजारी पडली तर कोण बघतं, तिच्या लेकराच्या दाखल्यावर बापाचं नाव काय लागतं, हे पुराव्यानिशी लिहिलेलं मला वाचायचं आहे, आणि तेही मराठीत.