लक्ष्मी विलास पॅलेस, बडोदा: गेट विचारल्याशिवाय रिक्षातून उतरू नका

आधीच सांगतो, मे महिन्यात जाऊ नका. आम्ही गेलो, मी, भाऊ आणि आई, कारण सुट्ट्या तेव्हाच मिळाल्या. आणि जाण्याआधी दहा रील्स बघितले होते, सगळ्यांत तेच, बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट, तीन कोटी चार लाख स्क्वेअर फूट वगैरे. आता हा आकडा बघा, आवार ७०० एकरांचं, एका एकरात ४३,५६० स्क्वेअर फूट, गुणाकार केला की ३,०४,९२,००० येतात, म्हणजे ती सगळ्या आवाराची जमीन आहे, झाडं, गोल्फ कोर्स, मोतीबाग क्रिकेट ग्राउंड सगळं धरून. वाड्याचं बांधकाम नाही! लोक डोळे झाकून फॉरवर्ड करतात. आणि आत गायकवाड कुटुंब अजून राहतं, त्यामुळे तुम्हाला ठराविक दालनंच बघायला मिळतात. शेकडो खोल्या फिरू असं डोक्यात घेऊन गेलात तर नाराज व्हाल, आम्ही पहिली पंधरा मिनिटं झालोच होतो.

पण खरा त्रास वेगळाच. स्टेशनबाहेर एका रिक्षावाल्याने ३०० मागितले, आई दमलेली म्हणून घासाघीस केली नाही, आणि त्याने आवाराच्या भिंतीला लागून एका बंद गेटसमोर उतरवलं, "बस, यहीं से अंदर" म्हणाला आणि गेला. गेटला कुलूप, आत कोणी नाही. मॅपवर पॅलेस अगदी जवळ दिसतो, पण मॅपला भिंत कळत नाही ना! एवढ्या मोठ्या आवाराला वळसा म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. दुपारचा एक वाजलेला, डांबर इतकं मऊ झालेलं की चपलेला चिकटून चर्र आवाज यायचा, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला ट्रॅफिक, सावली म्हणाल तर भिंतीच्या आतल्या झाडांची, ती पण मधेमधेच. पाऊण तास चाललो. आई एकदाही कुरकुरली नाही, पण तिच्या हातातली बाटली रिकामी होताना बघून मला त्या माणसाचा जो राग आला तो अजून आहे. परत येताना ॲपवरून रिक्षा केली, ८० रुपये!! तेव्हा ॲपच वापरा, आणि "लोकं तिकीट काढतात ते गेट" असं स्पष्ट सांगून, आतली गर्दी डोळ्यांनी बघूनच उतरा. माणशी लिटरभर पाणी आणि बंद बूट, यात तडजोड नको.

सोमवारी बंद असतं. आत फोटो काढू देत नाहीत. ऑडिओ गाईड घ्याच, नाहीतर नुसत्या भिंती बघून बाहेर याल.

आणि आता दरबार हॉल. घामाने भिजून आत गेलो आणि तिघंही गप्प झालो. खाली व्हेनिसच्या पद्धतीची मोझेक फरशी, खिडक्यांना बेल्जियमच्या रंगीत काचा, आणि आम्ही गेलो तेव्हा उन्ह बरोबर त्या काचांतून येत होतं, फरशीवर लाल-निळे तुकडे पडलेले, ते आईच्या पांढऱ्या साडीवर चढले आणि ती तशीच उभी राहिली, हलेचना. त्या पाऊण तासाचे पैसे तिथे वसूल झाले, हे मी मनापासून सांगतोय.

आम्ही कोल्हापूरचे, न्यू पॅलेस बघतच मोठे झालो. तो आणि हा, दोन्ही मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदाच्या डिझाईनचे. इथलं काम १८७८ ला सुरू झालं, मँट १८८१ मध्येच वारला, आपलं गणित चुकलंय आणि इमारती कोसळणार या धास्तीने त्याने जीव दिला असं सांगतात. पुढे रॉबर्ट चिझम या दुसऱ्या वास्तुविशारदाने १८९० मध्ये काम पूर्ण केलं. दोन्ही इमारती आज ठणठणीत उभ्या आहेत. वरच्या मनोऱ्याकडे बघताना हे डोक्यातून जात नाही. आणि हे बांधून घेणारे सयाजीराव म्हणजे नाशिककडच्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा, १८७५ ला दत्तक आलेला, ज्याने १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. आपल्या पोरांना नेताना एवढं सांगून न्या.

फतेसिंह म्युझियम त्याच आवारात पण तिकीट वेगळं. बरेच जण "आता पाय दुखतात" म्हणून सोडतात, चूक आहे. सयाजीरावांनी राजा रविवर्मांकडून दरबार हॉलसाठी १४ पौराणिक चित्रं काढून घेतली होती, शंतनू-मत्स्यगंधा, कंसमाया इथे समोर उभं राहून बघता येतात. आपल्या आजीच्या देवघरात जी छापील चित्रं असायची त्यांचा हा बाप माणूस! जवळ गेलं की साडीच्या काठावरचा एकेक ब्रशचा फटकारा दिसतो. माझं ऐका, सकाळी उघडल्या उघडल्या पॅलेस करा, लगेच म्युझियम, आणि बाराच्या आत बाहेर पडून सेव उसळ खा. तिखट सांभाळून.

पुढचे दोन दिवस चांपानेर-पावागढ केलं, मस्त झालं, काही अडचण आली नाही.

आणि हो, दांडिया बाजारच्या बाजूला बिनधास्त मराठीत बोला. आम्हाला त्या उन्हात शेवटी बरोबर गेटचा रस्ता एका मराठी आजोबांनीच दाखवला, वर आईला बसायला स्वतःची खुर्ची काढून दिली.