तुम्ही विचारलंत म्हणून: शार्कचा हा दात खरा आहे का?

‘घ्यायच्या आधी सांगा, खरा आहे ना?’ हा प्रश्न बहुतेक वेळा एकाच फोटोसोबत येतो. दात ओला करून चमकवलेला, दिसते ती फक्त ओठाकडची, म्हणजे बाहेरची बाजू, मापासाठी शेजारी काहीच नाही. ‘यावरून सांगता येणार नाही’ असं म्हटलं की मी टाळतेय असा समज होतो. टाळत नाही हो. त्या फोटोत उत्तर नसतंच, आणि प्रश्नही अर्धाच असतो.

दोन-तीन सेंटीमीटरच्या जीवाश्म दातांसाठी एवढा जीव टांगणीला लावू नका. शार्क आयुष्यभरात हजारो दात टाकतो. सांगाडा कूर्चेचा, तो क्वचितच टिकतो, मागे राहतात ते दात. ते इतके मुबलक सापडतात की त्यांची नक्कल करणं कुणाला परवडत नाही. लबाडी सुरू होते मोठ्या दातांत, मुख्यतः मेगालोडॉन या नामशेष झालेल्या महाकाय शार्कच्या. त्यातही निव्वळ रेझिनचा दात पकडणं सोपं. दहापट भिंगाखाली बारीक गोल बुडबुडे दिसतात, कडेने साच्याची रेघ जाते, दातेरी कड बोथट असते, भेगांत रंग साचलेला असतो. अस्सल दातात पात्याच्या एनॅमलवर केसाएवढ्या उभ्या भेगा असतात आणि मूळ निस्तेज, सच्छिद्र असतं. एकाच विक्रेत्याच्या दोन दातांवर तीच भेग त्याच जागी दिसली तर विषय संपला.

दात हातात आला की घनता काढा. वजनकाट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. दात दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटीमीटर दाताचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. १८० ग्रॅमचा दात ६५ दाखवत असेल तर घनता पावणेतीनच्या आसपास आली, म्हणजे ठीक. नुसतं रेझिन जेमतेम १.१ ते १.२ देतं. उत्तर दोनच्या खाली आलं तर दात परत करा. मुळाच्या छिद्रांत हवा अडकली की आकडा थोडा कमी येतो, म्हणून आधी थोडा वेळ भिजवा. मात्र भुसभुशीत किंवा वाळूच्या ढेकळात रुतलेला दात पाण्यात घालू नका.

घनता बरोबर आली म्हणून निर्धास्त होऊ नका. अर्धं मूळ पुट्टीचं असेल तरी आकडा थोडासाच हलतो. खरी डोकेदुखी इथे आहे: दात खरा असतो, पण सगळा नसतो.

समजा, १३ सेंटीमीटरचा काळपट राखाडी मेगालोडॉनचा दात समोर आहे. मुळाचे दोन्ही लोब, म्हणजे फाटे, पूर्ण, टोक शाबूत, दोन्ही कडा टोकापासून मुळापर्यंत धारदार, आणि पातं व मूळ यांच्यामधला गडद पट्टा, म्हणजे बुर्लेट, अखंड. एवढं सगळं एकत्र असू शकतं, पण दुर्मीळ. म्हणून एकेक तपासायचं. दात कोरडा करा, उजेड बाजूने, अगदी आडवा पडू द्या. मुळाच्या एका लोबवर लहान-मोठी, वेडीवाकडी छिद्रं आहेत आणि दुसऱ्यावर टोचल्यासारखी एका मापाची? मुळातली भेग मध्येच तुटून पुढे पोत बदलतो? तिथून पुढे पुट्टी समजा. बुर्लेटचा थर पातळ, तो सहज ढलपी होऊन निघतो. खऱ्या बुर्लेटला स्वतःच्या बारीक भेगा असतात. रंगवलेला एकसारखा मॅट दिसतो आणि त्याचा रंग शेजारच्या एनॅमलवर किंवा मुळाच्या छिद्रांत उतरलेला सापडतो. कडा सर्वांत फसव्या. मूळच्या दातेरी कडेला पात्याचाच रंग आणि चकाकी असते. नव्याने कोरलेल्या कडेत खाचांचे तळ फिकट दिसतात, भिंगाखाली समांतर ओरखडे दिसतात आणि एक बाजू दुसरीपेक्षा अंगाने कमी झालेली असते.

त्यानंतर अंधारात ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च मारा. पुट्टी आणि गोंद बऱ्याचदा निळसर पांढरे उजळतात. सगळ्याच पुट्ट्या उजळत नाहीत, त्यामुळे न उजळणं हा पुरावा नव्हे. विक्रेत्याची परवानगी असेल तर कापसावर थोडं अ‍ॅसिटोन घेऊन न दिसणाऱ्या कोपऱ्यात पुसा. रंग असेल तर कापसावर उतरतो. पण दात ठिसूळ म्हणून पॅरालॉइड बी-७२ सारखं संरक्षक द्रव्य लावलेलं असलं तर तेही अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, आणि ते लावण्यात काही खोटं नाही. तापलेली सुई टोचू नका. न घेतलेल्या वस्तूला डाग देण्याचा हक्क आपल्याला नाही.

दुरुस्त केलेला दात घेऊच नये, असं मी पूर्वी ठामपणे सांगायचे. आता तसं सांगवत नाही. तुटलेला लोब जोडून, तसं स्पष्ट सांगून विकलेल्या दाताला मी खोटा कसा म्हणू? पण कोरलेली कड? तिथे भर घातलेली नसते, मूळचा पुरावा घासून टाकलेला असतो. ती मला अजून पटत नाही. मग पॉलिश केलेलं पातं कुठे बसवायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मोरोक्कोचा माल वेगळ्या डोळ्यांनी बघा. खुरिब्गाच्या फॉस्फेट खाणींतले ओटोडस ऑब्लिकस या जुन्या, नामशेष शार्कचे दात बहुतेक खरेच असतात, खोटी असते ती त्यांच्याखालची ढेप: वाळू आणि गोंद. सगळे दात उत्तम बाजू वर करून मांडलेले दिसले की शंका घ्या. या ओटोडसची कड गुळगुळीत असते आणि बाजूंना दोन छोटे सुळके असतात. खुरिब्गाच्या खाणीतला मेगालोडॉन म्हणून कुणी दाखवला तर थांबा. तिथले थर इओसिनच्या, म्हणजे सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या काळाच्या, पुढे येत नाहीत, मेगालोडॉन आला सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे कितीतरी नंतर.

तेव्हा पुढच्या वेळी मला कोरड्या दाताचे फोटो पाठवा: ओठाकडची आणि जिभेकडची बाजू, दोन्ही कडा जवळून, मूळ वरून, शेजारी मोजपट्टी, सोबत वजन. विक्रेत्याला ‘१०० टक्के अस्सल ना?’ असं विचारू नका. पुट्टी लावलेल्या दातालाही तो बिनदिक्कत हो म्हणेल. ‘मूळ, बुर्लेट, टोक, कडा यांपैकी कशावर काम केलंय, आणि दात कुठल्या नदीतला किंवा खाणीतला?’ हे लेखी विचारा, आणि तो ज्या भागाबद्दल गप्प राहील त्याचाच फोटो आधी मागा.