मॅडम, ‘मी’ लिहिलं तर चालतंय का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. दिवाळीची सुट्टी संपून प्रकल्पांचे कच्चे खर्डे यायला लागले की स्टाफरूमच्या दारात वही छातीशी धरलेली एक मुलगी उभी राहते, मागे तिला पुढे ढकलणाऱ्या दोघी. “मॅडम, प्रोजेक्टमध्ये ‘मी’ लिहिलं तर चालतंय का?” हल्ली नवीन लागलेले प्राध्यापकही विचारतात, आणि परवा एका लग्नाच्या पंगतीत एका विद्यार्थिनीच्या मामांनी भाताची वाट बघता बघता विचारलं. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी समाजशास्त्र शिकवते. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून ‘फील्ड प्रोजेक्ट’ हा शब्द पोरांच्या तोंडी ‘बोनाफाईड’ आणि ‘महाडीबीटी’इतका रुळलाय. आमच्या वेळी एम.ए.ला जे करावं लागायचं ते आता एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी करावं लागतं. त्याआधी या मुलांनी लिहिलेलं सगळं लिखाण म्हणजे गाईडमधली उत्तरं. पेपरात ‘तुमच्या शब्दांत लिहा’ असं छापलेलं असतं, पण खरंच आपल्या शब्दांत लिहिलं की मार्क जातात, हे त्यांना पाचवीपासून पाठ असतं. अशा मुलाला आपण एकदम म्हणतो, आता संशोधन कर.

माझं जुनं उत्तर एका शब्दाचं होतं: नाही. मलाही तसंच सांगितलं गेलं होतं. माझ्या प्रबंधिकेच्या पहिल्या प्रकरणातला प्रत्येक ‘मी’ मार्गदर्शकांनी लाल शाईने खोडला आणि समासात लिहिलं, ‘ललित नको’. मग मी शहाण्यासारखी ‘प्रस्तुत संशोधिका’ झाले. ‘प्रस्तुत संशोधिकेस असे आढळून आले’, ‘प्रस्तुत संशोधिकेच्या असे निदर्शनास आले’. घरी आई म्हणायची, प्रस्तुत संशोधिका, जेवायला या. पुढे नोकरी लागल्यावर दहाएक वर्षं मीही मुलांचे ‘मी’ तसेच खोडले. लाल पेन तेवढं बदललं.

ते उत्तर बदललं एका आकड्यामुळे.

आठवडी बाजारातल्या भाजीविक्रेत्यांवर एका मुलाचा प्रकल्प होता. 30 उत्तरदाते, 24 प्रश्न, सगळं रीतसर. मी तक्ते बघत होते. ‘दैनंदिन निव्वळ उत्पन्न’ या रकान्यात 500, 500, 1000, 800, 500, 1000 असे आकडे उतरत गेले होते. बाजारात बसलेल्या माणसाला कुणी अनोळखी पोरगा वही घेऊन ‘दिवसाला किती सुटतात’ विचारतो, तेव्हा तो असंच सांगणार. पण उत्तरदाता क्रमांक 7 समोर लिहिलं होतं, 386.

“ह्या बाईंनी 386 कसं काय सांगितलं रे? बाजारात कुणी असा हिशेब सांगतं का?”

तो वहीकडे बघत राहिला. मला वाटलं, आकडा मनाचा घातलाय. म्हणून जरा आवाज चढवला. तेव्हा म्हणाला, “मॅडम, ती माझी आई आहे.”

मग हळूहळू सगळं निघालं. बाजारात प्रश्नावली घेऊन तो आईसमोर बसला, तेव्हा ती आधी हसली. ‘तुला म्हाईत न्हाय व्हय?’ म्हणाली. पण पोराच्या कॉलेजचं काम, म्हणून इतरांसारखंच सांगितलं, ‘पाचशे सुटत्यात की.’ त्याने 500 लिहिलं. रात्री घरी ती पिशवी उलटी करून चिल्लर लावत बसली होती, तेव्हा हा शेजारी बसला आणि पहिल्यांदाच त्याने गल्ला मोजला. 1840 रुपये. त्यातून मालाचे 1250, जीपचं जाण्यायेण्याचं भाडं 120, बाजाराची पावती 20, चहा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या मिळून 64. राहिले 386. त्याने 500 खोडून 386 लिहिलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. प्रकल्पात वाक्य होतं, ‘सदर विक्रेत्यांकडून उत्पन्नाची माहिती संकलित करण्यात आली.’

आता हे वाक्य बघा. व्याकरणात चूक नाही. पण 29 जणांनी तोंडी सांगितलेला आकडा आणि एका घरी मोजलेला आकडा ते एकाच ओळीत बसवतं, आणि कोणता कुठून आला ते गिळून टाकतं. ‘गल्ला मोजण्यात आला’ असं लिहावं तर वाचणारा विचारेल, कुणी मोजला? परक्या पोराला भाजीवाली गल्ला मोजू देते का? ते वाक्य ‘मी’ घातल्याशिवाय खरं होतच नाही. आणि खरं झालं की त्याच्या अख्ख्या प्रकल्पातली सगळ्यात मोलाची गोष्ट हाती लागते: विचारल्यावर 500 सांगणाऱ्या बाईकडे त्या दिवशी 386 उरतात, तर मग बाकीच्या 29 जणांच्या 500चं काय?

मी त्याला म्हटलं, हेच लिही. तो म्हणाला, “पण मॅडम, ‘मी’ चालत नाही ना?” काय उत्तर देणार. खोडणारी मीच.

मराठीला हे करणाऱ्याला झाकणारं कर्मणीचं पांघरूण फार सोयीचं पडतं. ‘असे म्हटले जाते’, ‘असे मानले जाते’, ‘मुलाखती घेण्यात आल्या’. एका वर्षी ‘30 महिलांच्या मुलाखती घेण्यात आल्या’ या वाक्याखाली मी ‘कोणी?’ एवढंच लिहिलं, तर कळलं की त्यातल्या 14 मुलाखती चुलतबहिणीने घेतल्या होत्या, कारण या साहेबांची पोलीस भरतीची ग्राउंड चालू होती. बहिणीचं नाव कुठेच नव्हतं. तेव्हापासून समासात मी दोनच प्रश्न लिहिते. ‘कोणी?’ आणि ‘कोण म्हणतं?’ प्रत्येक वाक्यात ‘मी’ घाला, असं माझं म्हणणं नाही. ‘बाजार 1 वाजता उठतो’ या वाक्यात ‘मी’ कशाला हवा?

गंमत म्हणजे प्रकल्पात एक पान असतं जिथे ‘मी’ आधीपासून मोकळेपणाने नांदतो: ऋणनिर्देश. तिथे ‘माझ्या आईवडिलांनी खाल्लेल्या खस्ता’ असतात, ‘माझे अश्रू’ असतात. पण तेही उसनं. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये जुने प्रकल्प पडलेले असतात. नाव आणि रोल नंबर बदलून देतो. एका मुलाने त्यातून उचललेल्या ऋणनिर्देशात ‘माझे पती व सासूबाई’ यांचे मनःपूर्वक आभार मानले होते. वाङ्मयचौर्याबद्दल यूजीसीची जी 2018ची नियमावली आहे तिच्यात साम्य मोजताना प्रस्तावना आणि ऋणनिर्देश वगळायला सांगितलंय, त्यामुळे कायद्याने तो सुटला! त्याच नियमावलीत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. मुलांनी त्याचा अर्थ लावलाय, ‘मॅडम, 10 टक्के कॉपी अलाउड आहे ना?’ जणू बसच्या पासात सवलत.

मोबाईलमधल्या एआयचं विचाराल तर तो ‘मी’ बिनदिक्कत लिहून देतो. ‘या अभ्यासादरम्यान मला ग्रामीण जीवनाचे हृद्य दर्शन घडले.’ तो बाजारात गेलेला नसतो, एवढंच.

तर ‘मी’ कुठे चालतो, हे दाखवायला मी वर्गात एक जुना पेपर वाचते. 9 मे 1916, न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, प्राध्यापक गोल्डनवायझर यांचा मानवशास्त्राचा सेमिनार. पेपर वाचणारा विद्यार्थी भीमराव आंबेडकर, वय 25. विषय भारतातल्या जाती. इंग्रजी आहे, पण मी मराठीत सांगत सांगत जाते. मुलांना वाटतं आता भाषण येणार. येतं काय, तर चार जणांनी केलेल्या जातीच्या चार व्याख्या. फ्रेंच अभ्यासक सेनार, इंग्रज नेसफिल्ड आणि रिस्ले, आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर, तेच ज्ञानकोशकार. आधी प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या नावावर मांडायचं आणि मग ते तपासायला घ्यायचं. केतकर या देशातले आहेत, चिकित्सक बुद्धीने आणि मोकळ्या मनाने अभ्यास करतात, अशी त्यांची कदर करून मग आंबेडकर त्यांची चूक दाखवतात: जातीबाहेर लग्न नाही आणि जातीत जन्मलेल्यालाच जातीत जागा, ही लक्षणं केतकर दोन धरतात, पण ती दोन नाहीतच. बाहेर लग्नच करू दिलं नाही, तर जन्माने आत आलेलेच आत उरणार. एकाच गोष्टीच्या दोन बाजू. आणि शेवटी म्हणतात, माझा सिद्धांत टिकत नाही असं दिसलं, तर मी तो सोडून द्यायला तयार आहे.

एकदा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “मॅडम, पण ते बाबासाहेब होते.” मी म्हटलं, त्या दिवशी ते वर्गात पेपर वाचायला उभे राहिलेले विद्यार्थी होते, परदेशात, परक्या भाषेत, समोर प्राध्यापक. वर्ग जरा गप्प झाला. ती गप्प झाली नाही. तिने विचारलं, “मग आपण केतकरांना चूक म्हणू शकतो?” म्हटलं, म्हण. आधी केतकर वाच.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा वारीवरचा लेखही मी देते. ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’ने 1962 साली त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं, म्हणजे पुरेसा विद्वत्तेचा समजायला हरकत नाही. त्यात बाई स्वतः दिंडीबरोबर चालतात, आणि एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांचा स्वयंपाक नि पंगत वेगळी, हे आपल्याला कसं खुपलं तेही लिहितात. तिथला ‘मी’ काढला तर निरीक्षणच जाईल.

मुलांना मी नियम असा सांगते. तू पाहिलंस, मोजलंस, ठरवलंस, तुझ्याकडून चुकलं, तिथे ‘मी’. दुसऱ्याने सांगितलं तिथे त्याचं नाव, पान क्रमांकासकट. ‘मला वाटतं’ लिहायला हरकत नाही, पण त्याच्या शेपटाला ‘कारण’ बांधलेलं असलं पाहिजे. मुलींना हा ‘मला वाटतं’ जास्त जड जातो, असं माझ्या बघण्यात आहे. घरात कुणी विचारत नसेल तर वहीत एकदम कुठून येणार? स्थळ बघायला येणार म्हणून प्रकल्पाची मुदत वाढवून मागणारी मुलगी दरवर्षी एखादी असतेच, आणि तिला काय वाटतं ते मी विचारलं की ती आधी मैत्रिणीकडे बघते.

त्या मुलाकडे परत येते. आई असल्याचं लिहायचं, तर आईची परवानगी हवी, कारण क्रमांक 7 म्हणजे कोण हे आता सगळ्यांना कळणार. त्याने विचारलं. ती म्हणाली, ‘लिही की. बँकंचा सायेब वाचतोय व्हय?’ प्रश्न क्रमांक 19 होता: ‘आपल्या पाल्याने हा व्यवसाय पुढे चालवावा असे वाटते का? होय / नाही / सांगता येत नाही.’ त्यावर म्हणाली, ‘तुला काय लिवायचंय त्ये लिव.’ त्याने कुठल्याच चौकोनात खूण केली नाही, तेच वाक्य तसंच उतरवलं. ते मला फार आवडलं.

एक दिवस खर्डा द्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, “मॅडम, मी आठवड्याला 300चं पेट्रोल टाकतो.” मी काही बोलले नाही. “हे लिहायचं का?” म्हटलं, नको, ते तुझ्यापाशी ठेव.

संशोधन पद्धतीच्या प्रकरणात शेवटी परिच्छेद आला तो असा: ‘उत्तरदाता क्र. 7 ही माझी आई आहे. बाजारात तिने निव्वळ उत्पन्न 500 रुपये सांगितले. त्याच रात्री मी गल्ला मोजला व खर्च वजा केला, तेव्हा 386 रुपये उरले. इतर 29 विक्रेत्यांचा गल्ला मी मोजू शकलो नाही. त्यामुळे तक्ता क्र. 4 मधील आकडे हे विक्रेत्यांनी सांगितलेले आकडे आहेत.’ चार वेळा लिहून घेतलं मी. दुसऱ्या खर्ड्यात त्याने ‘कष्टाळू माउली’ घातली होती, ती काढायला लावली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक जुन्या वळणाचे होते. त्यांनी बरोबर तेच पान उघडलं. “आईचाच गल्ला का मोजलात?”

“सर, दुसऱ्या कुणी मोजू दिला नसता.”

“एका दिवसाचा गल्ला. त्यावरून काय सिद्ध होतं?”

“सिद्ध काही होत नाही सर. 500वर किती विश्वास ठेवायचा, एवढंच कळतं.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि प्रश्न क्रमांक 19 कडे वळले. मार्क बरे दिले. प्रत माझ्या कपाटात आहे. त्या परिच्छेदातल्या दोन्ही ‘मीं’खाली त्यांनी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्हं काढून ठेवली आहेत. ती मी अजून खोडलेली नाहीत; दरवर्षी नवी पोरं बघायला मागतात.