आमची वाटचाल : चावीच्या वाद्यांसोबत

आम्ही जुने ग्रामोफोन आणि संगीतपेट्या दुरुस्त करतो. गिऱ्हाईक बहुतेक वेळा आधी विचारतं, "पॉलिश करून कर्णा चकचकीत होईल ना?" आम्ही आधी पाहतो ते यंत्र सुरात वाजतंय का. या हट्टावरच आमचा व्यवसाय उभा आहे.

सुरुवात छंदातून झाली. शाळेत असल्यापासून रविवारी जुन्या बाजारात चक्कर ठरलेली. मोडके ग्रामोफोन, सुटे साउंडबॉक्स (सुईच्या थरथरीचा आवाज करणारी डबी) आणायचे, खोलायचे, पुन्हा जुळवायचे. नोकरीतही हे चालूच राहिलं. ओळखीच्यांच्या माळ्यावरची यंत्रं येऊ लागली आणि निवृत्तीनंतर नारायण पेठेत छोटी जागा घेतली. आता हाताखाली दोन मुलं आहेत. एकाचा हात लेथवर बसलाय, दुसऱ्याचा कान तयार आहे.

ग्रामोफोनचा जीव गव्हर्नरमध्ये. पातळ पोलादी पट्ट्यांवरची तीन वजनं फिरता फिरता बाहेर फाकतात, त्यासरशी एक चकती सरकते आणि चामड्याच्या किंवा फेल्टच्या गादीला घासून वेग आवरते. ही गादी कडक झाली, स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस थिजलं, की तबकडी मिनिटाला 78 फेऱ्यांवर टिकत नाही. बालगंधर्वांचं पद तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचं. त्यात षड्जच हलला तर ऐकायचं काय? म्हणून आमचं निम्मं काम इथेच. साउंडबॉक्समधली थरथरणारी अभ्रकाची चकती शाबूत असेल तर तीच ठेवतो, फक्त भोवतीचं ताठरलेलं रबर बदलतो. आणि सुई दर बाजूला नवी लावा, हे प्रत्येकाला बजावतो. लाखेची तबकडी सुई झिजवते, आणि झिजलेली सुई पुढची तबकडी खाते.

नव्या पितळी कर्ण्याखाली जुनी मोटर बसवून 'अँटिक' म्हणून खपवलं जातं. असलं काम आम्ही घेत नाही, कितीही पैसे दिले तरी.

क्वचित स्विस संगीतपेटी येते, तो आमचा सण. सिलिंडरवरच्या टाचण्या पोलादी फणीचे दाते छेडतात. जाड दात्यांच्या टोकाखाली केसाएवढी तार असते. पुढची टाचणी टेकण्याआधी ती दात्याचं कंपन थांबवते. तार तुटली की पेटी किरकिरते. तारा बसवण्याचं काम मी अजून कोणाला देत नाही.

पेटी आणताना मात्र चावी पूर्ण उतरू द्या. भरल्या चावीवर गव्हर्नर सुटला तर सिलिंडर भरधाव फिरतो, टाचण्या वाकतात, दाते उडतात. आणि घरी शिलाई मशीनचं तेल अजिबात घालू नका.