जुलैत दुखली तर?

“ही अक्कलदाढ काढून टाकू.”

“पण दुखत नाहीये, डॉक्टर.”

“आत्ता नाही. जुलैत दुखली तर?”

मी दक्षिण ध्रुवावरच्या तळावर हिवाळा काढायला निघालोय, त्याआधीची ही तपासणी. जुलै म्हणजे तिथली ऐन रात्र. मार्चमध्ये मावळलेला सूर्य सप्टेंबरात उगवणार, तोवर विमान सहसा नाहीच. १९६१ मध्ये सोव्हिएत डॉक्टर लिओनिद रोगोझोव यांनी अंटार्क्टिकावर स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच कापून काढलं. तळावर दुसरा डॉक्टरच नव्हता! त्यापुढे दाढ किस झाडकी पत्ती.

रक्त, ईसीजी, एक्स-रे उरकले. मग मानसतज्ज्ञ बाईंनी सहज विचारलं, “शेजारचा मचमच आवाज करत जेवला, तर काय करता?”

मी हसलो. त्या नाही हसल्या. पेन कागदावर टेकवून थांबल्या.

आठ महिने तीच चाळीसेक तोंडं. तीच मचमच.

दाढेच्या रिकाम्या जागेत जीभ सारखी जातेय, आणि डोकं त्या प्रश्नाकडे. तुम्ही काय सांगितलं असतं?