बुकिंगआधी आई टिटलिसला जाऊन आली

स्वित्झर्लंडला आम्ही तिघंच जाणार होतो, टूर कंपनीशिवाय. घोडं अडलं होतं एका दिवसावर: बर्फाच्या डोंगरांत कुठे जायचं, युंगफ्राउयोख की टिटलिस? युंगफ्राउयोखला 3,454 मीटरवर रेल्वे स्टेशन, युरोपातलं सर्वांत उंच. टिटलिसला फिरती केबल कार आणि वर क्लिफ वॉक, म्हणजे 100 मीटर लांब आणि जेमतेम मीटरभर रुंद झुलता पूल. बाबांना पूल हवाच होता. आईला चौथ्या मजल्यावरून खाली बघितलं तरी गरगरतं, शिवाय गुडघे कुरकुरतात.

मावसभावाकडे क्वेस्ट 2 हा व्हीआर हेडसेट धूळ खात पडला होता, तो आणला. डोळ्यांवर चढवला की चहूकडे व्हिडिओतलंच दृश्य दिसतं, मान वळवावी तिकडचं. आईला फिरत्या खुर्चीत बसवलं. उभ्याने बघू द्यायचं नाही, हा आमच्या घरी पहिला नियम झाला. चष्मा आत मावेना, म्हणून डब्यातली चष्म्यासाठीची चौकट लावली. मागचा पट्टा अंबाड्यात अडकायला लागला, तेव्हा तिने वैतागून वेणीच घातली.

यूट्यूबवर क्लिफ वॉकचा 360 अंशांचा व्हिडिओ लावला. चित्र जरा धुरकटच. रिझोल्यूशन चारी बाजूंना वाटलं जातं, त्यामुळे नजरेसमोर त्यातला थोडाच भाग येतो. तरी आईने खुर्चीचे हात घट्ट धरले. "अगं बाई, खाली काहीच नाहीये!" मग मान वाकवून पुन्हा खाली बघितलं. आणि म्हणाली, "मी अलीकडे बर्फात थांबेन. तुम्ही दोघं जा." टिटलिस ठरलं.

खरा उपयोग झाला तो हॉटेलसाठी. वाँडर नावाच्या ॲपमध्ये गूगल स्ट्रीट व्ह्यूचे फोटो हेडसेटमध्ये उघडतात. हॉटेल ल्युसर्न शहरात बघत होतो, तिथल्या स्टेशनबाहेरून एका फोटोतून पुढच्या फोटोत उडी मारत आम्ही निघालो. सरकत गेलं की डोळ्यांना वाटतं चाललोय, कानातलं तोलाचं यंत्र म्हणतं बसलोय, आणि पोटात ढवळतं. उडी मारली की तसं होत नाही. पूल ओलांडला, जुन्या गावात शिरलो, तर दगडी फरसबंदी आणि पुढे सरळ चढ. हॉटेलच्या पानावर 'स्टेशनपासून जवळ' होतं. चढाबद्दल अवाक्षर नाही. "बॅगा कोण ओढणार, तुझे बाबा?" आईने तिथेच निकाल लावला. स्टेशनच्याच बाजूला सपाटीवरचं दुसरं घेतलं. फोटो कोणत्या साली काढलाय ते मात्र बघून घ्यावं, मधल्या काळात रस्ता खोदलेला असू शकतो.

विरळ हवेचं काय, ते हेडसेट सांगत नाही. टिटलिसचं वरचं स्टेशनही 3,000 मीटरच्या वर आहे, म्हणून आईच्या बीपीचं डॉक्टरांनाच विचारलं. आणि जाहिरातीच्या व्हिडिओत आभाळ कायम निळंशार. शिखरावरचा लाइव्ह वेबकॅम लावला तर पडदा नुसता पांढरा! त्यामुळे हॉटेलचे पैसे भरले, पण टिटलिसचं तिकीट तिथे पोचून, सकाळी वेबकॅम बघूनच काढायचं ठरलंय.