जळगावहून अंदमान: रॉस आणि नॉर्थ बेचा अर्धा दिवस

खान्देशातून अंदमानला जाणारे बहुतेक जण पहिला पूर्ण दिवस रॉस बेट आणि नॉर्थ बे या दोन ठिकाणांना देतात. टूरवाल्यांच्या पत्रकात ती 'हाफ डे टूर' म्हणून छापलेली असते. साडेआठला जेट्टीवर, दीड-दोनपर्यंत परत. अर्धा दिवस पुरतो, पण तो सकाळचाच हवा. दुपारची बोट दाखवली तर घेऊ नका. कारण घड्याळ भारताचं असलं तरी सूर्य तिथला आहे. जळगाव साधारण साडेपंचाहत्तर रेखांशावर, तर पोर्ट ब्लेअर ब्याण्णवच्या पुढे. सतरा अंशांचा फरक म्हणजे एक तास आणि वर सात-आठ मिनिटं. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. दुपारी दोनला निघालेल्या बोटीला पाण्याखालचं काही बघण्याएवढा उजेडच उरत नाही.

आपल्याकडून जायची सोयीची वाट म्हणजे नंदुरबार, जळगाव किंवा भुसावळहून नवजीवन एक्सप्रेसने चेन्नई आणि पुढे विमान. भुसावळहून हावडा गाडी धरून कोलकात्यामार्गेही जाता येतं. दोन्ही ठिकाणांहून विमानाला दोन-सव्वादोन तास लागतात. विमान सकाळचं असेल, तर गाडी आदल्या दिवशीच पोहोचेल असं बघावं. गाडी सहा तास उशिरा आली म्हणून विमान थांबत नाही. जहाजही आहे, पण त्यात समुद्रावर तीनेक दिवस जातात.

तिकिटावर आता 'श्री विजयपुरम' दिसेल, बावरू नका. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर 2024 मध्ये बदललं. रॉसचं तर 2018 च्या डिसेंबरातच 'नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप' झालं. बोटवाले, रिक्षावाले आणि हॉटेलवाले अजून रॉसच म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव ठेवलं आहे.

बोटी सुटतात अ‍ॅबर्डीन जेट्टीवरून, म्हणजे राजीव गांधी जलक्रीडा संकुलातून. तिथे प्रत्येकाचं नाव, वय आणि ओळखपत्र लिहून घेतात. मूळ आधार कार्ड जवळ ठेवा, फोनमधल्या फोटोवर भरवसा ठेवू नका. बुधवारी रॉस बंद असतं. मुक्कामाचे दिवस ठरवतानाच हे बघून घ्या, नाहीतर निम्मी सहल कापली जाते आणि पैसे मात्र बहुधा तेवढेच लागतात. तिकीट हातात आलं की त्यावरचं बोटीचं नाव पाठ करा. परतायचं त्याच बोटीने असतं, आणि नॉर्थ बेच्या धक्क्यावर एकसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच बोटी एकाच वेळी लागलेल्या असतात. तिकिटाचा फोटो गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

पोहता येत नाही, तर जमेल का, हा आपल्याकडच्या मंडळींचा ठरलेला प्रश्न. गिरणा आणि तापीच्या काठच्यांनाही समुद्राची सवय नसते. बोटीत लाइफ जॅकेट सक्तीचं असतं आणि रॉस दहा-पंधरा मिनिटांवर आहे. धोका असतो तो चढता-उतरताना. बोट लाटेबरोबर वर-खाली होते आणि धक्का जागेवर असतो. बोट वर येऊन क्षणभर थांबते, तेव्हाच पाऊल टाकायचं. खलाशाचा पंजा धरू नका, मनगट धरा. त्याने तुमचं मनगट धरलं की ओला हात निसटत नाही. बोट आणि धक्क्याच्या मधल्या फटीत हात टेकवू नका. पायऱ्यांवर शेवाळ असतं, त्यामुळे मागे पट्टा असलेली रबरी सँडल घाला. स्लिपर बोटीतच सुटते. साडी नेसलेल्या काकू-मावश्यांनी निऱ्या थोड्या वर खोचून घ्याव्यात. उलटीचा त्रास असणाऱ्यांनी बोटीच्या मधल्या किंवा मागच्या भागात बसावं आणि नजर फोनवर न ठेवता क्षितिजावर ठेवावी. पुढचं टोक सर्वांत जास्त आपटतं. सकाळी पोट रिकामं नको आणि पुरी-भाजीने तुडुंबही नको. दोन इडल्या किंवा घरून आणलेली दशमी बरी.

उन्हाची गंमत वेगळीच आहे. मे महिन्यात भुसावळचे पंचेचाळीस अंश झेलणारा माणूस इथल्या तीस अंशांत अर्ध्या तासात गळपटतो. आपल्याकडे हवा कोरडी असते, घाम वाळतो आणि अंग थंड होतं. कूलरही त्याच हिशेबाने चालतो. अंदमानात हवेतच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, नुसता वाहतो. म्हणून माणशी एक लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी आणि टोपी लागतेच. बागायती रुमाल डोक्याला बांधला तर टोपीपेक्षा सरस. पाण्यावरून परतणारं ऊन खालून येतं, त्यामुळे हनुवटी आणि मानही भाजते.

दोन ठिकाणांत आधी कुठलं, हे जेट्टीवरचा कारभारी ठरवतो. निवड हातात असेल तर आधी रॉस. सकाळी सावल्या लांब असतात, चढ सोपा जातो आणि हरणं मोकळ्यावर असतात. शिवाय नॉर्थ बेला पाण्याखालचं बघायला सूर्य जितका डोक्यावर तितकं बरं, म्हणजे साडेदहा ते साडेबारा.

रॉसवर एक ते दीड तास मिळतो. मार्गदर्शक हिंदीत बोलतो, आणि ऐकायला मिळतं ते इथेच. 1857 च्या उठावानंतर, मार्च 1858 मध्ये, डॉ. वॉकर नावाचा इंग्रज अधिकारी दोनशे कैदी घेऊन अंदमानात उतरला. या बेटावरचं रान त्या कैद्यांनीच तोडलं. पुढे 1941 पर्यंत अंदमानचा सगळा कारभार याच इवल्याशा बेटावरून चालला. गोऱ्यांचं चर्च, नाचघर, पोहण्याचा तलाव, बेकरी, छापखाना, बर्फाचा कारखाना, सगळं इथे होतं. बेटावर गोड्या पाण्याची वानवा, म्हणून पाणी उकळून वाफेचं गोडं पाणी करायचा कारखानाही बांधला होता. त्याचे अवशेष दाखवतात, तिथे थांबा. सेल्युलर जेल बघताना भिंती दिसतात. ती व्यवस्था चालवणारे कसे राहायचे, ते रॉसवर दिसतं. सातपुड्यातल्या भिल्लांचे नायक भीमा नाईक यांना काळ्या पाण्यावर पाठवलं, ते अंदमानातच वारले. त्यांच्या मुलखातला सेंधव्याचा घाट आपल्या शिरपूरच्या पलीकडेच आहे. मार्गदर्शक त्यांचं नाव क्वचितच घेतात, तेव्हा आपणच आठवण करून द्यावी.

जून 1941 मध्ये मोठा भूकंप झाला. मार्च 1942 मध्ये जपानी आले आणि ऑक्टोबर 1945 पर्यंत राहिले. त्यांचे काँक्रीटचे बंकर धक्क्याजवळच आहेत. त्यानंतर बेट ओस पडलं, आणि मग झाडांनी ते ताब्यात घेतलं. फोटोंत दिसणाऱ्या, मुळांनी आवळलेल्या भिंती त्या याच. आपल्याकडे पारोळ्याच्या किल्ल्यात किंवा गावच्या पडक्या वाड्यात पिंपळ उगवतो, तीच गोष्ट इथे वडा-उंबराच्या भाऊबंदांनी केली आहे. पक्षी फळ खातात, विष्ठेतून बी चुन्याच्या सांध्यात पडतं, मुळं ओल शोधत भिंतीवरून जमिनीपर्यंत उतरतात आणि मग जाड होतात. फरक पावसाचा. जळगावला वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर, तर इथे तीन हजारांच्या घरात. म्हणून आपला पिंपळ भिंतीला तडा देऊन थांबतो, इथलं झाड भिंतच गिळतं. काही ठिकाणी आता मुळंच भिंत धरून उभी आहेत, मूळ कापलं तर वीट खाली येईल. मुलांना त्या मुळांवर चढवून फोटो काढू नका.

हरणं म्हणजे आपलेच चितळ, इंग्रजांनी आणून सोडलेले. त्यांची शिकार करणारं जनावर इथे नाही, म्हणून ती माणसाला बुजत नाहीत. यावलच्या जंगलात दिवसभर फिरून चितळाचं शेपूट दिसत नाही, इथे ते पिशवीला तोंड लावतात. शेव-मुरमुऱ्याची पुडी उघडू नका. प्लास्टिकसकट ओढून खातात आणि ते त्यांच्या पोटात अडकतं.

चालवत नसेल त्यांच्यासाठी धक्क्याजवळ बॅटरीची गाडी असते. तिला रांग लागते, तेव्हा घरातल्या एकाने उतरल्याबरोबर पुढे जाऊन नंबर लावावा. गाडी चर्चपर्यंतचा चढ वाचवते. पलीकडच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या मात्र पायीच कराव्या लागतात, आणि गुडघे दुखणाऱ्यांनी त्या सोडल्या तरी चालेल. मार्गदर्शक इथे घाई करतो, कारण पुढच्या ठिकाणी त्याचं काम जास्त पैशांचं असतं. वेळ कापू देऊ नका. या सहलीतली खरी कमाई रॉस आहे, हे आमचं ठाम मत.

तिथून नॉर्थ बे वीस-पंचवीस मिनिटं. डाव्या हाताला दिसतो तो हॅरिएटचा डोंगर, 2021 पासून माउंट मणिपूर. त्याच्या पायथ्याच्या होपटाउन धक्क्यावर शेर अली आफ्रिदी या कैद्याने 8 फेब्रुवारी 1872 ला व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचा खून केला. जुन्या वीसच्या नोटेवर माडांमागे दिसणारा दीपस्तंभही नॉर्थ बेचाच. नोट हातात धरून ते दृश्य शोधणारे बरेच असतात, पण ते त्या डोंगरावरून घेतलेलं आहे, नॉर्थ बेला उतरून ते दिसत नाही. नव्या वीसच्या नोटेवर वेरूळ आहे. ते चाळीसगावचा घाट चढला की आलंच.

नॉर्थ बेवर पाय ठेवला की पावतीपुस्तकं पुढे येतात. काय घ्यायचं हे बोटीतच ठरवा. पोहता न येणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी खऱ्या उपयोगाच्या: काचेच्या तळाची बोट आणि सी-वॉक, म्हणजे हेल्मेट घालून समुद्राच्या तळावर चालणं.

काचेच्या बोटीत पत्रकातल्यासारखे लाल-जांभळे रंग दिसतील, या अपेक्षेने बसू नका. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेतं, त्यामुळे काही मीटर खाली सगळं तपकिरी-हिरवट दिसतं. फोटोतला लाल हा कॅमेऱ्याच्या दिव्याचा. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर डोंगरावरची माती उतरून पाणी गढूळ होतं. तेव्हा तिकीट काढण्याआधी परतणाऱ्यांना विचारा. प्रवाळाचे बरेच तुकडे पांढरे आणि मेलेले दिसतात. 2010 मध्ये समुद्र तापला, तेव्हा अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं. जिवंत भाग मेंदूसारखा गोल किंवा सांबराच्या शिंगासारखा फांद्यांचा असतो. गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं, तेव्हा ओहोटीला उथळ पाण्यात त्यावर उभं राहू नका. तळव्याला चिरही पडते आणि ती लवकर भरत नाही.

सी-वॉकला डोक्यावर तीसेक किलोचं हेल्मेट ठेवतात. पाण्यात त्याचं वजन फारसं जाणवत नाही. वरून नळीने हवा येते, तोंड कोरडं राहतं, चष्माही चालतो. खोली पाच-सात मीटर. अडचण येते ती कानाची. शिडीवरून उतरताना पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच कान दाबतात. प्रत्येक पायरीला थांबून गिळा, किंवा हेल्मेटच्या खालून हात घालून नाक चिमटीत धरा आणि हळू फुंका. दुखलं तर पुढे उतरू नका, एक पायरी वर या. सर्दी असेल तर जाऊच नका, कारण नाक चोंदलेलं असताना कानाचा दाब सुटत नाही. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर किनाऱ्यावर थांबावं. खुणा आधी नीट शिकून घ्या. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल. नुसता अंगठा वर केला तर पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो. आपल्या सवयीने मस्त म्हणून अंगठा दाखवतात आणि दोन मिनिटांत वर येतात. पैसे परत मिळत नाहीत.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारणं, करायचंच असेल तर परतीच्या विमानाच्या आदल्या संध्याकाळी करू नका. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून मध्ये अठरा तास ठेवावेत.

खाणं नॉर्थ बेवर मिळतं: नारळपाणी, मॅगी, भजी, तळलेले मासे. शाकाहाऱ्यांनी सोबत खाकरा, शेंगदाणे, गूळ ठेवावा. रोख रकमेत शंभर-पन्नासच्या नोटा ठेवा. चेन्नईहून समुद्राखालची केबल 2020 मध्ये आल्यापासून शहरात फोन नीट चालतो, तिकडे मात्र रेंज अधूनमधून जाते आणि फोनवरून पैसे पाठवताना अडकतात.

मेच्या अखेरीपासून पावसाळा, आणि इथला पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो. वारा वाढला की बोटी बंद होतात. म्हणून ही सहल मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका, पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवा. बंद पडली तर पुढे ढकलता येते. जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत असतो.

किनाऱ्यावर प्रवाळाचे पांढरे तुकडे आणि शंख पडलेले असतात आणि मुलं खिसे भरतात. ते तिथेच रिकामे करा. प्रवाळ आणि बऱ्याच जातींचे शंख वन्यजीव कायद्याखाली येतात, मेलेला तुकडाही. विमानतळावर क्ष-किरणात दिसला की बॅग उघडावी लागते. शंखाची वस्तू घ्यायचीच असेल तर शहरातल्या सरकारी 'सागरिका' दुकानातून घ्या आणि पावती हातातल्या बॅगेत ठेवा.